शेजारी देशांचे वैद्यकीय संशोधन कसे मोजावे: ग्रामीण महाविद्यालयातून करता येण्याजोगी पद्धत

विदर्भातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाच्या तयारीसाठी येतात आणि दर एक-दोन वर्षांनी त्यांच्यापैकी कुणीतरी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या देशांत वैद्यकीय संशोधन किती होते आणि त्यातले चांगले किती? प्रश्न रास्त आहे. फवारणीतून होणारी विषबाधा, सर्पदंश, कमी वजनाची बाळे, क्षयरोग ही दुखणी जशी यवतमाळ-गडचिरोलीची आहेत, तशीच ती बांगलादेशातील सिल्हेटची आणि पाकिस्तानातील सिंधचीही आहेत. तिकडे कुणी उत्तर शोधले असेल तर ते आपल्याला माहीत असायला हवे. ही मोजणी कशी करावी ते येथे सांगते आहे. त्यासाठी महागडी वर्गणी लागत नाही. एक संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट, एक जोडीदार आणि दोन-तीन महिन्यांची चिकाटी एवढ्यावर काम होते.

कापूस खरेदी केंद्रावर गाडी आधी काट्यावर चढते, पण भाव काट्यावर ठरत नाही. ग्रेडर गाडीच्या आतून मूठभर कापूस उपसतो, दोन्ही हातांच्या चिमटीत रुई धरून ओढतो, धाग्याची लांबी पाहतो, कवडी किती आणि ओलावा किती हे पाहतो, आणि मग बोलतो. संशोधनाचेही वजन आणि प्रत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या एकाच आकड्यात बसवण्याचा मोह सुरुवातीलाच सोडावा.

आधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात

संगणक सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून त्यांखाली तारीख टाकावी. पहिला प्रश्न असा, की कोणता विषय मोजायचा. ‘सर्व वैद्यकीय संशोधन’ हा विषय इतका मोठा आहे की त्यातून हाती फक्त देशांचा आकार लागतो. त्याऐवजी कीटकनाशकांची विषबाधा किंवा नवजात बालकांची काळजी असा एक विषय धरला, तर आकड्यांमागचे लेख प्रत्यक्ष वाचता येतात. दुसरा प्रश्न काळाचा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावर पुढे मी सविस्तर लिहिणार आहे: एखादा लेख ‘अमुक देशाचा’ केव्हा म्हणायचा? ज्या देशात अभ्यास झाला त्याचा, की ज्या देशाचा पत्ता लेखकाच्या नावाखाली छापला आहे त्याचा?

ही उत्तरे आधी लिहिण्याचे कारण साधे आहे. आकडे समोर आल्यावर नियम ठरवायला बसलो, तर आपल्याला आवडणारा आकडा देणारा नियम आपल्याही नकळत निवडला जातो.

शोध कुठे घ्यावा

सुरुवात पबमेडपासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची वैद्यकीय लेखांची ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे आणि तीत ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. शोधपेटीत नुसते देशाचे नाव टाकू नये. तसे केल्यास ते नाव शीर्षकात, सारांशात, पत्त्यात, कुठेही आले तरी नोंद येते, आणि लंडनमध्ये बसून भारताविषयी लिहिलेला लेख व नागपुरात बसून लिहिलेला लेख एकाच ढिगात पडतात. प्रगत शोधाच्या पानावर ‘अ‍ॅफिलिएशन’ हे क्षेत्र निवडून त्यात देशाचे नाव द्यावे, म्हणजे लेखकाच्या पत्त्यावरून शोध होतो. ‘मेश’ या विषयशीर्षकांच्या यादीतही देशांची नावे आहेत. ती निवडल्यास त्या देशाविषयीचे लेख मिळतात. हे दोन शोध वेगवेगळे घेऊन दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. ‘देशातून आलेले’ आणि ‘देशाविषयी लिहिलेले’ यांतील अंतर किती आहे, हा आकडाच पुष्कळ काही सांगतो.

आता एक सावधगिरी. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने भारताच्या लेखांचा वर्षवार आलेख काढून आणला. रेषा २०१३ पर्यंत हळूहळू चढत होती आणि पुढे एकदम उभी होत होती. ती उत्साहाने म्हणाली, “मॅडम, दोन हजार चौदात आपल्याकडं असं काय झालं जी? एवढं संशोधन कुठून आलं?” तिच्या मार्गदर्शकांनी त्यावर नव्या सरकारी योजनांचा एक परिच्छेद लिहायला सांगितलेला होता. प्रत्यक्षात त्या उडीचा मोठा भाग मोजपट्टीतला होता. पबमेडमध्ये १९८८ पासून २०१३ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जात असे. २०१४ पासून सर्व लेखकांचे पत्ते नोंदवले जाऊ लागले. जो लेख आधी एकाच देशाच्या खात्यावर पडत होता, तोच आता चार देशांच्या खात्यांवर पडू लागला. परिच्छेद वगळला गेला, पण तोवर तो पोस्टरवर छापून झाला होता. तेव्हापासून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हे पहिल्याच दिवशी सांगते: अभ्यास २०१४ नंतरचाच घ्यावा, किंवा जुना काळ घ्यायचा असेल तर सर्व वर्षांसाठी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता धरावा. १९८८ च्या आधीच्या नोंदींत सहसा पत्ताच सापडत नाही, म्हणून तो काळ या पद्धतीने मोजूच नये.

पत्त्यांमध्ये आणखी खाचखळगे आहेत. हैदराबाद तेलंगणात आहे आणि सिंधमध्येही आहे. पंजाब दोन्ही देशांत आहे. जुन्या पत्त्यांत देशाचे नाव न लिहिता नुसते शहर लिहिण्याची सवय होती, त्यामुळे ‘नवी दिल्ली’ किंवा ‘कराची’ एवढाच मजकूर असलेल्या नोंदी देशाच्या नावाने शोधल्यास सुटतात. त्यासाठी प्रत्येक देशाच्या मोठ्या शहरांची आणि प्रमुख संस्थांची यादी करून तीही शोधात जोडावी आणि दोन्हीकडे असलेली नावे हाताने तपासावीत. मुंबई-बॉम्बे, ढाका-डाक्का अशा बदललेल्या नावांचे दोन्ही प्रकार द्यावेत. ‘सिलोन मेडिकल जर्नल’ने तर देशाचे नाव १९७२ मध्ये बदलल्यावरही आपले जुने नाव कायम ठेवले आहे. आपला नेहमीचा शोध नियतकालिकाच्या नावाने असेल, तर हे लक्षात ठेवावे.

पबमेडमध्ये एका शोधातून पहिल्या १०,००० नोंदीच उतरवून घेता येतात, म्हणून भारतासाठी वर्षवार, प्रसंगी महिनावार तुकडे करावे लागतात. उतरवताना साध्या तक्त्याचा प्रकार निवडला तर त्यात लेखकांचे पत्ते येत नाहीत. ‘पबमेड’ नावाचाच जो मजकूर-प्रकार यादीत असतो, त्यात ते येतात. हा फरक ठाऊक नसल्याने आमच्याकडे एकदा आठवडाभराचे उतरवणे पुन्हा करावे लागले. उतरवलेल्या नोंदी झोटेरो या विनामूल्य साधनात भरून दुबार नोंदी काढून टाकाव्यात.

पबमेड एवढ्यावर थांबणे मात्र शेजाऱ्यांवर अन्याय करणारे ठरते. बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांची अनेक स्थानिक नियतकालिके त्यात नाहीत. ती बांगलाजोल, नेपजोल आणि श्रीलंका जर्नल्स ऑनलाइन या खुल्या संग्रहांत आहेत, आणि पाकिस्तानसाठी पाकमेडीनेट आहे. हे संग्रह स्वतंत्रपणे चाळावेत; त्यांतून मिळालेली संख्या मुख्य आकड्यात मिसळू नये, वेगळ्या रकान्यात ठेवावी. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या मोठ्या लेखसूचींना वर्गणी लागते. ती परवडत नसेल तर स्कोपसच्याच माहितीवर आधारलेले सायमॅगोचे देशवार तक्ते विनामूल्य पाहता येतात; त्यांत १९९६ पासूनची लेखसंख्या, सायटेशन (इतर लेखांनी केलेले उल्लेख) आणि देशाने स्वतःच्याच लेखांची केलेली सायटेशन वेगळी दिलेली असतात. २०२२ मध्ये सुरू झालेली ओपनअ‍ॅलेक्स ही लेखसूचीही संपूर्ण खुली आहे.

लेख कुणाच्या खात्यावर टाकावा

आता तो अवघड प्रश्न. तो नीट कळावा म्हणून मी विद्यार्थ्यांना पाच लेख उघडायला लावते. पाचही ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेले, पाचही नवजात बालकांचे मृत्यू कमी करण्याविषयीचे, आणि पाचही आपल्या भागातले.

पहिला गडचिरोलीचा. अभय बंग, राणी बंग आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांनी ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली, १९९९ च्या लेखानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरातील निव्वळ घट ६२ टक्के होती. दुसरा नेपाळमधील मकवानपूरचा, २००४ चा: धर्म मानंधर आणि सहकाऱ्यांनी गावोगाव महिलांचे गट चालवले आणि त्या भागांत नवजात मृत्यू सुमारे ३० टक्के कमी आढळले. तिसरा नेपाळच्याच सर्लाही जिल्ह्याचा, २००६ चा: नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावल्यास मृत्युदर २४ टक्के घटतो. चौथा बांगलादेशातील सिल्हेटचा, २००८ चा, घरभेटींमुळे ३४ टक्के घट दाखवणारा. पाचवा पाकिस्तानातील हाला येथील, झुल्फिकार भुट्टा यांच्या गटाचा, २०११ चा, १५ टक्के घट दाखवणारा.

आता पहिल्या लेखकाचा पत्ता पाहा. गडचिरोलीच्या लेखावर गडचिरोली आहे, मकवानपूरच्या लेखावर काठमांडू, हालाच्या लेखावर कराची. पण सर्लाही आणि सिल्हेट या दोन्ही लेखांचे पहिले लेखक अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे. म्हणजे पहिल्या पत्त्याच्या नियमाने सिल्हेटच्या खेड्यांत दारोदार फिरून गोळा केलेली माहिती बांगलादेशाच्या खात्यावर शून्य भरते आणि बाल्टिमोरच्या खात्यावर एक. पाच लेखांत दोन लेखांचा देशच बदलला. सगळ्या लेखकांचे पत्ते धरले तर हे दोन्ही लेख परत येतात, पण मग एकच लेख तीन-चार देशांत मोजला जातो आणि सर्व देशांची बेरीज लेखांच्या एकूण संख्येपेक्षा जास्त भरते.

यावर उपाय म्हणून अंशात्मक मोजणी करतात. समजा एका लेखाचे पाच लेखक आहेत, तीन बांगलादेशचे, एक भारताचा आणि एक ब्रिटनचा. तर बांगलादेशाला ०.६, भारताला ०.२ आणि ब्रिटनला ०.२ द्यायचे, म्हणजे बेरीज १ राहते. ही पद्धत प्रामाणिक आहे, पण माहिती गोळा करणारी आशाताई लेखक-यादीत क्वचितच असते, हे कोणत्याही अपूर्णांकाने भरून निघत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की तीन रकाने करावेत: पहिल्या लेखकाचा देश, अंशात्मक वाटा, आणि अभ्यास प्रत्यक्ष जेथे झाला तो देश. तिसरा रकाना संगणक भरून देत नाही. त्यासाठी सारांश वाचावाच लागतो. तरीही तो गाळू नये, कारण ग्रामीण भागाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा रकाना आहे.

आकार, पैसा आणि गठ्ठ्याने येणारे लेख

नुसत्या लेखसंख्येत भारत नेहमीच पुढे असणार. म्हणून संख्या लोकसंख्येने भागावी. नेपाळची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २.९२ कोटी आहे. एखाद्या विषयावर नेपाळचे २९२ लेख निघाले असे धरू, तर दर १० लाख लोकांमागे १० लेख झाले. त्याच प्रमाणाला पोचायचे तर १४० कोटींच्या भारताला १४,००० लेख लागतील. भूतानची लोकसंख्या सात-साडेसात लाखांच्या घरात असल्याने तेथे एखाद्या वर्षी चार लेख जास्त आले तरी प्रमाण भलतेच उसळते. अशा लहान देशांसाठी पाच वर्षांची सरासरीच वापरावी.

लोकसंख्येइतकाच योग्य भाजक म्हणजे आजाराचा भार. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली. धानाच्या बांधीत आणि कापसाच्या ओळीत काम करणाऱ्यांचे हे मृत्यू आहेत. या विषयावरचे लेख दर १,००० मृत्यूंमागे किती, हे श्रीलंकेशी ताडून पाहिले की लोकसंख्येच्या भागाकारात न दिसणारे चित्र दिसते.

संशोधनावरील खर्चाने भागायचे असेल तर जपून भागावे. भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, पण यात अणुऊर्जा, अंतराळ, संरक्षण सारे काही आले. तो वैद्यकाचा खर्च नव्हे.

छोट्या देशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास पाहावी. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या लेखांवर शेकडो लेखकांची नावे असतात आणि त्यांना हजारो सायटेशन मिळतात. त्यांपैकी एक लेखक नेपाळचा असला तरी पूर्ण मोजणीत ती सगळी सायटेशन नेपाळच्या नावे जमा होतात. ५० पेक्षा जास्त लेखक असलेले लेख वेगळे काढून तक्ता दोनदा करावा, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय. त्याचप्रमाणे संपादकाला लिहिलेली पत्रे, संपादकीये आणि टिपणे मूळ संशोधनात धरू नयेत. २०२० ते २०२२ या करोनाच्या वर्षांत अशा पत्रांचे पीक आले होते, ते वेगळे न काढल्यास त्या तीन वर्षांचे सगळे आकडे फुगतात.

देशाच्या सरासरीआड काय दडलेले असते हेही पाहावे. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतातील ५७९ वैद्यकीय शिक्षणसंस्थांची २००५ ते २०१४ या दहा वर्षांची मोजणी प्रसिद्ध केली. वर्षाला १०० हून अधिक लेख देणाऱ्या संस्था फक्त २५ होत्या आणि देशाच्या एकूण लेखांपैकी ४०.३ टक्के त्यांचे होते. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही लेख नव्हता. ग्रामीण महाविद्यालयात काम करणाऱ्या माणसाला हा आकडा वाचून स्वस्थ बसवत नाही. शेजारी देशांसाठीही संस्थावार तक्ता केल्यास संशोधन दोन-तीन संस्थांत एकवटले आहे की पसरलेले आहे, हे लगेच कळते.

प्रत कशी पारखावी

येथे घाई करू नये. सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग म्हणजे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर. मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षात मिळालेल्या सायटेशनना त्या दोन वर्षांतील मूळ लेखांच्या संख्येने भागले की तो मिळतो. तो नियतकालिकाचा गुण आहे, लेखाचा नव्हे. वर सांगितलेले पाचही लेख एकाच नियतकालिकातले आहेत. त्यांतील घट ६२ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत आहे, पद्धती वेगळ्या आहेत, गावांची परिस्थिती वेगळी आहे, आणि इम्पॅक्ट फॅक्टर यांतले काहीच सांगत नाही. संशोधकांचे मूल्यमापन या आकड्यावरून करू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे.

सायटेशन मोजायची तर सरासरी घेऊ नये. दहा लेखांना अनुक्रमे ०, ०, ०, १, १, २, २, ३, ६ आणि १८५ सायटेशन मिळाली असे धरा. सरासरी २० येते, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) १.५ येतो, आणि होर्गे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक ३ येतो, कारण किमान ३ सायटेशन मिळालेले ३ लेख आहेत. तिन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत, पण त्या दहा लेखांचे खरे रूप मध्यक दाखवतो. शिवाय २०१५ च्या लेखाला सायटेशन मिळायला २०२२ च्या लेखापेक्षा अधिक वर्षे मिळालेली असतात, म्हणून प्रत्येक लेखाची प्रसिद्धीनंतरच्या ठरावीक वर्षांतील, समजा चार वर्षांतील, सायटेशनच धरावीत. विषयानुसारही फरक पडतो. कर्करोगाच्या पेशीविज्ञानात एकमेकांची सायटेशन भरपूर होतात, खेड्यातील सांडपाण्यावरच्या अभ्यासाची होत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे ‘आयसाइट’ हे विनामूल्य साधन यासाठी उपयोगी आहे. त्यात पबमेडचे क्रमांक चिकटवले की प्रत्येक लेखाचे विषय आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले सायटेशनचे सापेक्ष प्रमाण मिळते, आणि त्या लेखाचा रुग्णांवरील अभ्यासांत किती उल्लेख झाला हेही कळते. देशाची स्वतःच्याच लेखांची सायटेशन वजा करून पाहायला विसरू नये. मोठ्या देशाला घरच्या घरीच पुष्कळ वाचक मिळतात.

खरी पारख मात्र वाचूनच होते. प्रत्येक देशाच्या यादीतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने १०० लेख काढावेत. एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीसमोर यादृच्छिक संख्या टाकून त्या क्रमाने लावले आणि वरचे १०० घेतले की झाले. ‘ओळखीचे’ किंवा ‘पूर्ण मजकूर उघडणारे’ लेख निवडू नयेत, कारण ते गाडीच्या वरच्या थरातला कापूस घेण्यासारखे होते. शंभरांपैकी ४० लेख कसोटीला उतरले तर देशाचा खरा आकडा साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आहे असे समजावे. म्हणजे एका देशाचे ४० आणि दुसऱ्याचे ४५ आले, तर दुसरा पुढे आहे असे लिहू नये.

कसोटीसाठी तयार याद्या आहेत: औषध-उपचारांच्या चाचण्यांसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब, आढावा-लेखांसाठी प्रिझ्मा. या याद्या लेखात काय काय सांगितले आहे हे तपासतात. केलेले काम योग्य होते का, हे त्यांतून पूर्ण कळत नाही. म्हणून मी चार साधे प्रश्न जोडते. नमुन्याचा आकार कसा ठरवला ते दिले आहे का? किती जण अभ्यासातून गळाले आणि का, हे दिले आहे का? नैतिकता समितीची परवानगी आणि संमती यांचा उल्लेख आहे का? आणि निष्कर्ष तक्त्यातल्या आकड्यांतून खरोखर निघतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त लेख अडवतो.

दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे गुण न पाहता तपासावे. समजा शंभर लेखांत ४५ ना दोघांनी ‘योग्य’ म्हटले, ३५ ना दोघांनी ‘अयोग्य’ म्हटले, आणि २० बाबतींत मतभेद झाला, १० इकडे आणि १० तिकडे. एकमत ८० टक्के दिसते. पण दोघेही ५५ लेखांना ‘योग्य’ म्हणत असल्याने निव्वळ योगायोगानेही ५०.५ टक्के एकमत झालेच असते. ८० मधून ५०.५ वजा करून उरलेल्या २९.५ ला, १०० मधून ५०.५ वजा करून उरलेल्या ४९.५ ने भागले की काप्पा गुणांक, म्हणजे योगायोग वगळून उरणाऱ्या एकमताचे माप, सुमारे ०.६० येतो. काम चालण्याजोगा आहे, पण याहून खाली आला तर कसोटीचे शब्दच संदिग्ध आहेत असे समजून ते दुरुस्त करावेत आणि पुन्हा तपासावे.

प्रसिद्धीनंतर नियतकालिकाने मागे घेतलेले लेखही मोजावेत. पबमेडमध्ये त्यांवर तशी खूण असते, आणि अशा लेखांचा माग ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची सूची २०२३ पासून सर्वांना खुली आहे. अशा लेखांची संख्या एकूण लेखांच्या प्रमाणात द्यावी. पैसे घेऊन परीक्षणाविना छापणारी नियतकालिके आपल्याकडे फोफावली, त्यामागे पदोन्नतीसाठी ठरावीक लेख दाखवण्याची सक्ती हे एक कारण आहे. म्हणून नियतकालिक खुल्या नियतकालिकांच्या ‘डोआज’ निर्देशिकेत किंवा मेडलाइन या पबमेडमधील निवडक नियतकालिकांच्या सूचीत आहे का, हे पाहून तेही वेगळ्या रकान्यात नोंदवावे.

औषध-उपचारांच्या चाचण्या ज्यांत नोंदवल्या जातात ती नोंदणीपुस्तके पाहावीत. भारताची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. श्रीलंकेची त्याआधी, २००६ मध्ये सुरू झाली. नोंदवलेल्या चाचण्यांपैकी पाच वर्षांत किती प्रसिद्ध झाल्या, हे प्रमाण प्रतीची उत्तम खूण आहे, कारण नकोसे निकाल दडवले जातात ते येथेच उघड होते.

ज्याचा उपयोग झाला ते

याद्या आणि गुणांक यांत न मावणारी एक गोष्ट उरते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली तेव्हा दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. त्याआधी १९६८ मध्ये ढाक्यातील प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी याच उपायाची चाचणी घेतली होती. महालनबीस यांचा लेख १९७३ मध्ये आला. त्यात यादृच्छिक विभागणी नव्हती, तुलनेसाठी रीतसर ठरवलेला गट नव्हता. आजच्या कसोट्यांवर तो लेख खालच्या पायरीवर जाईल. तरीही आज आपल्या अंगणवाडीतले ओआरएसचे पाकीट त्या कामाशी जोडलेले आहे.

म्हणून प्रत्येक देशाच्या शंभर लेखांपैकी सर्वाधिक उल्लेखलेले दहा लेख बाजूला काढून त्यांचा माग काढावा: कुठल्या शासकीय मार्गदर्शिकेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कुठल्या शिफारशीत, प्रशिक्षणाच्या कुठल्या पुस्तिकेत त्यांचा उल्लेख आला? नवजात काळजीच्या लेखांचा माग २००९ च्या जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त निवेदनापर्यंत आणि २०११ मध्ये आशांमार्फत देशभर सुरू झालेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमापर्यंत लागतो. श्रीलंकेचेही असेच. तेथे १९९५ मध्ये सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर आणि १९९८ मध्ये एन्डोसल्फान या कीटकनाशकावर बंदी आली, पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, आणि ते आकडे मांडणारे लेख आता जगभर आधारासाठी वापरले जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा माझ्याकडे आलेल्या डॉक्टरांना मी हेच श्रीलंकेचे लेख काढून दिले होते. लेखसंख्येत तो देश भारताच्या जवळपासही नाही, पण या एका विषयात आपल्या उपयोगाचे ज्ञान तेथून आले. हा माग एका वेगळ्या पानावर, लेखागणिक दोन-तीन ओळींत लिहावा. त्याला गुण देऊ नयेत.

शेवटी नोंदी ठेवण्याविषयी. प्रत्येक शोधाची ओळ जशी टंकली तशी, संग्रहाचे नाव, दिनांक, वेळ आणि आलेली संख्या एका वहीत आणि एका फाइलमध्ये लिहावी. पबमेडमध्ये नोंदी रोज वाढतात, त्यामुळे तोच शोध महिन्याने वेगळा आकडा देतो. सर्व देशांचे शोध एकाच दिवशी, शक्यतो एकाच बैठकीत घ्यावेत. आमच्याकडे दुपारी वीज जाते, म्हणून आम्ही ते सकाळी सात वाजता घेतो. काढून टाकलेल्या नोंदींची यादीही कारणासह जपावी, आणि प्रबंधाला जोडायच्या फाइलीत सर्व शोधांच्या ओळी जशाच्या तशा द्याव्यात, म्हणजे लाहोरमधल्या किंवा काठमांडूतल्या एखाद्या ग्रंथपालाला ही मोजणी तिच्या बाजूने पुन्हा करून पाहता येईल.